धुणेवालीचे मलम, काळ्या स्त्रीचा स्वाभिमान

माणसाला गुलाम करायचे तर नुसत्या बेड्या पुरत नाहीत. त्याला स्वतःच्या शरीराची लाज वाटायला लावावी लागते. त्याचा रंग घाणेरडा, त्याचे नाक बसके, त्याचे केस म्हणजे मेंढीची लोकर, असे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या कानावर घातले की बेड्या तुटल्यावरही तो आरशासमोर मान खाली घालूनच उभा राहतो. अमेरिकेतील काळ्या समाजाच्या बाबतीत हेच घडले. त्यातही सर्वात मोठा मार बसला तो काळ्या स्त्रीला. तिच्या डोक्यावरचे केस हीच तिची जात ठरवण्यात आली.

याच केसांच्या प्रश्नातून एक अनाथ धुणेवाली उठली. शाळेचे तोंड तिने जेमतेम तीन महिने पाहिले होते. तिने मलमाचा धंदा काढला, कारखाना उभारला, हजारो काळ्या स्त्रियांच्या हाती स्वतःच्या कमाईचा पैसा दिला आणि त्या पैशाच्या बळावर, काळ्यांना झाडाला टांगून मारणाऱ्या झुंडशाहीविरुद्ध ती थेट व्हाइट हाऊसच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचे नाव मॅडम सी. जे. वॉकर. आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग माहीत आहेत, रोझा पार्क्स माहीत आहेत. मॅडम वॉकर फारशा कोणाला माहीत नाहीत. ज्यांना माहीत आहेत, त्यांच्यातही एक आक्षेप ऐकू येतो. त्यांनी काळ्या स्त्रियांना केस सरळ करून गोऱ्या बायकांची नक्कल करायला शिकवले, असा तो आक्षेप. आक्षेप गंभीर आहे, तो टाळून चालणार नाही. पण निवाडा करण्याआधी आयुष्य पाहावे लागते.

२३ डिसेंबर १८६७ रोजी लुईझियाना राज्यातील डेल्टा या खेड्यात सारा ब्रीडलव जन्माला आली. आईबाप, मिनर्व्हा आणि ओवेन, कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. यादवी युद्ध १८६५ साली संपले, गुलामी कायद्याने गेली. त्यामुळे सारा ही त्या घरातली स्वतंत्र जन्मलेली पहिली मुलगी. पण स्वातंत्र्य कसले? मळा तोच, कापूस तोच, मालकही तोच. फरक एवढाच की आता गुलाम म्हणून न राबता वाट्याने राबायचे आणि कर्जात मरायचे.

इकडे पुण्यात १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. ज्या मुक्तीचा जोतीरावांनी एवढा गौरव केला, त्या मुक्तीची पहिली पिढी तेव्हा पाच-सहा वर्षांची होऊन कापसाच्या शेतात वाकून उभी होती. त्याच सुमारास साराची आई वारली. पाठोपाठ बापही गेला. सातव्या वर्षी पोर पोरकी झाली.

ज्या लुईझियानात ती जन्मली, तिथे केसांचे राजकारण जुनेच होते. हा प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ साली, गव्हर्नर मिरो याने फर्मान काढले की स्वतंत्र काळ्या आणि मिश्रवर्णीय स्त्रियांनी केसांत दागिने, पिसे घालून मिरवू नये, डोके फडक्याने बांधून घ्यावे. का? तर त्यांची ऐट गोऱ्यांच्या डोळ्यात खुपत होती. त्या बायाही खमक्या! त्यांनी त्या फडक्याचेच रंगीत, झोकदार मुंडासे केले. मळ्यावरच्या गुलाम बाईच्या नशिबी तर तेही नव्हते. तिला साधी फणी मिळत नसे. मेंढीची लोकर पिंजायच्या दातेरी फळीने केस विंचरायचे, डोक्याला चरबी चोपडायची आणि आठवडाभर चिंधी बांधून राबायचे. रविवार हाच काय तो वेणीफणीचा दिवस.

इथे एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. टाळूत तयार होणारे तेल दाट कुरळ्या केसांच्या शेंड्यापर्यंत सहजी पोचत नाही. म्हणून हे केस कोरडे राहतात आणि ओढून विंचरले की तुटतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्यांना निराळी निगा लागते. ही निगा गोऱ्यांच्या बाजारात कुठेच मिळत नव्हती. बाजारात मिळत होती ती फक्त हेटाळणी.

आईबाप गेल्यावर सारा बहिणीच्या, लुव्हिनियाच्या आधाराने राहिली. दोघी मिसिसिपी नदीपलीकडे व्हिक्सबर्गला गेल्या. दहाव्या वर्षी सारा लोकांच्या घरी मोलकरीण झाली. बहिणीचा नवरा छळायचा. त्या छळातून सुटायला तिने चौदाव्या वर्षी मोझेस मॅकविल्यम्स याच्याशी लग्न केले. १८८५ साली मुलगी झाली, लेलिया. दोन वर्षांनी नवरा वारला. विसाव्या वर्षी सारा विधवा. पदरात दोन वर्षांचे मूल, गाठीला दमडी नाही.

तिचे भाऊ सेंट लुईस शहरात न्हाव्याचा धंदा करीत होते. ती तिकडे गेली. पुढची सतरा-अठरा वर्षे तिने लोकांचे कपडे धुतले. लाकडी पिंप, दांतेरी पाट, उकळते पाणी, हात सोलून काढणारा क्षाराचा साबण. दिवसाची कमाई जेमतेम दीड डॉलर. त्यातून पै-पै वाचवून तिने लेलियाला शाळेत घातले आणि पुढे टेनेसीतील नॉक्सव्हिल कॉलेजात पाठवले. आपण धुणे धुतले, आपल्या पोरीने धुवायचे नाही, एवढी एकच खूणगाठ तिने बांधली होती. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी आया हे वाचून मान डोलावतील.

याच काळात साराच्या डोक्यावरचे केस गळू लागले. ती एकटीच नव्हती. गरीब काळ्या वस्त्यांत घरोघरी हीच तऱ्हा होती. घरात नळ नाही, न्हाणीघर नाही. डोके धुवायचे ते महिन्यातून एखादे वेळी, थंडीत तर तेवढेही नाही. टाळूला कोंडा, खवडे, त्यावर कपड्याचाच कडक साबण, आणि सकस अन्नाचा अभाव. मग केस पुंजक्यांनी गळायचे. बायका डोके फडक्याने झाकून चर्चमध्ये यायच्या. गोरे म्हणायचे, यांचे केसच असले. खरे कारण वंश नव्हते. खरे कारण दारिद्र्य होते, पाणी नसणे हे होते! अस्वच्छ ठेवायचे आणि अस्वच्छ म्हणून हिणवायचे, ही रीत आपल्याला नव्याने सांगायला नको.

सेंट लुईसमध्ये ॲनी टर्न्‌बो नावाची दुसरी एक काळी उद्योजिका केसांची औषधे तयार करून विकत होती. पुढे ती ॲनी मलोन या नावाने प्रसिद्ध झाली. सारा तिची एजंट झाली. घरोघर फिरून माल खपवणे, बायकांची डोकी धुऊन देणे, औषध लावणे ही कला ती तिथे शिकली. पुढे मॅडम वॉकर यांनी आपलीच नक्कल केली, असा आरोप मलोन यांनी केला, आणि दोघींत आयुष्यभर स्पर्धा राहिली. हा इतिहास सांगताना ॲनी मलोन यांचे नाव गाळणे अन्यायाचे होईल. वाट त्यांनी आधी पाडली होती.

१९०५ साली सारा डेन्व्हरला गेली. तिथे स्वयंपाकीण म्हणून काम करता करता तिने स्वतःचे मलम तयार केले. १९०६ च्या जानेवारीत वृत्तपत्रांच्या जाहिरातींचे काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केले आणि धंद्याला नाव दिले मॅडम सी. जे. वॉकर. स्वप्नात एका काळ्या पुरुषाने येऊन हे औषध सांगितले, अशी कथा त्या ग्राहकांना सांगत. ती कथा जाहिरातीपुरती समजावी. मलमात गंधक होते, मेण होते, खोबरेल तेल होते. टाळूच्या रोगावर गंधक हा जुनाच उपाय. खरा गुण होता तो डोके वरचेवर स्वच्छ धुण्याच्या शिकवणीत.

या नावामागचे मर्म ध्यानात घ्या. दक्षिणेत गोरा माणूस काळ्या बाईला कधीच आदराने हाक मारीत नसे. साठ वर्षांच्या बाईलाही नुसते नावाने पुकारायचे, नाहीतर मावशी म्हणून भागवायचे. इथे तर धुणेवाली सारा नाहीशीच झाली. उरली ती मॅडम, आणि पुढे नुसती आद्याक्षरे. आता तिला नावाने हाक मारायची कोणाची टाप नव्हती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाने धोंड्या आणि कचऱ्या म्हणूनच हाकारले, त्यांना या मॅडम शब्दाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून इथून पुढे आपणही त्यांना मॅडम वॉकरच म्हणू.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या काळी सौंदर्याच्या जाहिरातीत गोरा, निदान उजळ चेहरा छापायची चाल होती. मॅडम वॉकर यांनी डब्यावर स्वतःचा चेहरा छापला. गडद काळा रंग, रुंद नाक, भरदार ओठ. जाहिरातीत आपले आधीचे तुटके केस आणि नंतरचे लांब केस असे दोन्ही फोटो दिले. लाखो काळ्या स्त्रियांनी दुकानात, डब्यावर, आपल्यासारखी दिसणारी बाई सन्मानाने विराजमान झालेली पाहिली. गोऱ्या समाजाने जिचा चेहरा फक्त स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला होता, तिचा चेहरा आता मालकिणीचा चेहरा झाला!

धंदा वाढत गेला. १९०८ साली पिट्सबर्गमध्ये लेलियाच्या नावाने शिक्षणसंस्था काढून केशप्रसाधनाचे धडे सुरू केले. १९१० साली इंडियानापोलिस शहरात मुक्काम हलवून कारखाना उभा केला. १९११ साली कंपनीची नोंदणी झाली. मॅडम वॉकर गावोगाव हिंडल्या, चर्चच्या सभागृहांत प्रात्यक्षिके दिली, आणि १९१३ साली क्युबा, जमैका, हैती, पनामापर्यंत जाऊन आल्या. त्यांच्या एजंट बायकांची संख्या कंपनीच्या म्हणण्यानुसार वीस हजारांवर गेली.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळी काळ्या स्त्रीपुढे तीनच वाटा होत्या. शेतात राबणे, गोऱ्याच्या घरी मोलकरीण होणे किंवा धुणे धुणे. मोलकरणीच्या अब्रूचीही शाश्वती नव्हती. मॅडम वॉकर यांनी चौथी वाट काढली. पांढरा स्वच्छ अंगरखा, हातात पेटी, पेटीत शॅम्पू, मलम, तेल आणि कंगवा. गिऱ्हाईक काळी बाई, कारागीर काळी बाई, मालकीण काळी बाई. पैसा आपल्याच वस्तीत फिरणार. त्या कमाईतून बायकांनी घरे घेतली, मुलांच्या फिया भरल्या. गोऱ्या मालकिणीची मर्जी सांभाळण्याची गरज संपली की बाई ताठ मानेने बोलू लागते. आर्थिक स्वावलंबनाशिवाय स्वाभिमान टिकत नाही, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, धुण्याच्या पिंपातून शिकले होते.

आता त्या आक्षेपाकडे येऊ. वॉकर पद्धतीत तापवलेला पोलादी कंगवा होता. तेल लावून तो केसांतून फिरवला की कुरळे केस काही दिवस सरळ होत. कंगवा मॅडम वॉकर यांचा शोध नव्हता, तो आधीपासून वापरात होता. आपण केस सरळ करणारी बाई नाही, केस वाढवणारी, निरोगी करणारी बाई आहोत, असा त्यांचा आग्रह असे. पण बायकांना सरळ केस हवे होते आणि धंद्याने ते दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या समाजात सरळ केसवाल्या बाईला नोकरी लवकर मिळते, तिथे आवड आणि सक्ती यांच्यातली रेघ पुसट होते. त्यांच्या पश्चात कंपनीने कातडी उजळ करणारी क्रीमही बाजारात आणली. मॅडम वॉकर यांनी हयातीत तो धंदा केला नव्हता.

काळ्या समाजातील मोठ्या पुढाऱ्यांनाही हा व्यवसाय पसंत नव्हता. १९१२ साली शिकागोत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नॅशनल निग्रो बिझनेस लीगचे अधिवेशन भरले. मॅडम वॉकर यांनी बोलायला वेळ मागितला. वॉशिंग्टन यांनी दुर्लक्ष केले. व्यासपीठावर पुरुषांमागून पुरुष येऊन आपल्या धंद्याची यशोगाथा सांगत होते. शेवटच्या दिवशी मॅडम वॉकर परवानगीची वाट न पाहता उभ्या राहिल्या. कापसाच्या शेतातून धुण्याच्या पिंपाकडे, पिंपाकडून स्वयंपाकघराकडे आणि तिथून स्वतःच्या हिमतीवर स्वतःच्या जमिनीवरच्या कारखान्याकडे आपण कशा आलो, ते त्यांनी भर सभेत ठणकावून सांगितले. पुढच्या वर्षी त्याच लीगने त्यांना सन्मानाने वक्ता म्हणून बोलावले. गोऱ्यांच्या वर्णवर्चस्वाशी लढणाऱ्या समाजातही पुरुषी वर्चस्व असते आणि त्याच्याशीही दोन हात करावे लागतात, हा या प्रसंगाचा धडा.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हे विद्यापीठ ज्या उंचवट्यावर आहे, त्याच्या पायथ्याशी हार्लेमची वस्ती आहे. १९१३ सालीच लेलियाने हार्लेममध्ये बस्तान बसवले आणि १३६ व्या रस्त्यावर वॉकर कंपनीचे दिमाखदार केशप्रसाधनगृह थाटले. वर, ग्रंथालयात, एक अस्पृश्य तरुण विषमतेची मुळे शोधत होता. खाली, हार्लेममध्ये, गुलामांच्या लेकी-नाती आपल्या पैशाने आपले जग उभारत होत्या. १९१६ साली मॅडम वॉकर स्वतःही हार्लेमला राहायला आल्या.

१९१७ च्या जुलैत ईस्ट सेंट लुईस येथे गोऱ्या जमावाने काळ्यांची कत्तल केली. जिथे मॅडम वॉकर यांनी धुणे धुतले, त्याच शहरासमोर, नदीच्या पलीकडे. २८ जुलैला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरून सुमारे दहा हजार काळ्या स्त्री-पुरुष-मुलांनी एक अक्षरही न बोलता मोर्चा काढला. या मूक मोर्चाच्या आयोजनात मॅडम वॉकर होत्या. चारच दिवसांनी हार्लेमच्या पुढाऱ्यांबरोबर त्या वॉशिंग्टनला गेल्या. झुंडबळीविरोधी कायदा करा, ही मागणी. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी भेट नाकारली, दुसऱ्या कामाची सबब पुढे करण्यात आली.

त्या गप्प बसल्या नाहीत. महिन्याभराने फिलाडेल्फियात त्यांच्या एजंट बायकांची पहिली परिषद भरली. दोनशेहून अधिक प्रतिनिधी आल्या होत्या. बक्षिसे होती, पण ती फक्त जास्त माल विकणाऱ्यांना नव्हती. समाजकार्याला जास्त देणगी देणाऱ्यांचाही गौरव झाला. आणि केसांचा धंदा करणाऱ्या या बायकांनी झुंडबळींचा निषेध करणारी तार राष्ट्राध्यक्षांना पाठवली. ज्यांना दोन वेळचे जेवण गोऱ्यांच्या घरी मिळत होते, त्यांना अशी तार पाठवता आली असती का?

१९१८ साली हडसन नदीकाठी, बड्या गोऱ्या धनिकांच्या वाड्यांच्या परिसरात, त्यांनी व्हिला लेवारो हा प्रासाद बांधला. वास्तुशिल्पी व्हर्टनर टँडी हाही काळाच. पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेत काळ्यांची कैफियत मांडायला पॅरिसला जाणाऱ्या प्रतिनिधींत त्यांची निवड झाली, पण सरकारने पासपोर्ट दिला नाही. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या विकाराने प्रकृती ढासळली होती. मृत्यूच्या दारात असताना त्यांनी झुंडबळीविरोधी लढ्यासाठी एनएएसीपी या संघटनेला पाच हजार डॉलर जाहीर केले. २५ मे १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, त्या गेल्या. कंपनीच्या पुढील निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश भाग समाजकार्याला द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

पुढे काळ बदलला. माल्कम एक्स यांनी तारुण्यात जळजळीत क्षाराने केस सरळ केले होते. नंतर त्यांनीच त्याला स्वतःची विटंबना म्हटले. १९६० च्या दशकात काळ्या तरुणींनी कंगवा फेकून केस जसे उगवतात तसे, गोल मुकुटासारखे वाढवले. ती वेशभूषा नव्हती, ती घोषणा होती. तरीही गोष्ट संपली नाही. वेण्या घातल्या म्हणून, जटा ठेवल्या म्हणून काळ्या मुलींना शाळेतून घरी पाठवणे, नोकरी नाकारणे एकविसाव्या शतकातही चालूच राहिले. म्हणून २०१९ साली कॅलिफोर्नियाने केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राऊन कायदा केला. नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. संपूर्ण देशासाठीचे विधेयक मात्र २०२२ साली प्रतिनिधीगृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकले. स्वतःच्या डोक्यावर स्वतःचे केस ठेवायला कायदा लागतो, ही महासत्तेची कथा!

मग निवाडा काय? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळी सभा घेऊन सांगितले की अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगड्याची ठेवण आणि गोठ-पाटल्यांची ओझी टाकून द्या. त्यालाही कोणी सवर्णांची नक्कल म्हणू शकेल. पण ज्याच्या अंगावर खूण डागलेली असते, त्यालाच ती पुसण्याचा अधिकार असतो. आणि ज्याने ती एकदा पुसली, त्याच्या लेकीला तीच गोष्ट पुढे अभिमानाने मिरवण्याचाही अधिकार असतो. धुणेवाली साराला आधी केस हवे होते, निरोगी टाळू हवी होती, चारचौघांत फडके सोडून बसायचे होते. तिच्या पणतीने तेच केस कुरळे ठेवले. दोघींची लढाई एकच आहे. माझ्या डोक्यावर काय असावे, हे मी ठरवणार!

आज ब्युटी पार्लर गल्लोगल्ली आहेत. गोरेपणाच्या क्रीमचा बाजार आपल्याही पोरींना रंगाची लाज विकतो आहे. आपल्या कित्येक भगिनी पार्लर चालवून संसार सावरत आहेत, त्यांचे कौतुकच आहे. त्यांनी मॅडम वॉकर यांच्याकडून केवळ कंगवा घेऊ नये. गिऱ्हाइकाला तिच्या रंगाची, केसांची लाज वाटू न देण्याचा वसा घ्यावा, शेजारच्या चार मुलींना कला शिकवावी, आणि कमाईतला एक वाटा समाजाच्या लढ्यासाठी बाजूला काढावा. धुण्याच्या पिंपातून वर आलेल्या त्या बाईने समाजाचे देणे शेवटच्या श्वासापर्यंत फेडले. आपण आपले देणे कधी फेडणार?